जुन्या चित्रपटांचें नवें तेज

सत्यासाठीं राज्य सोडणाऱ्या राजाची कथा घेऊन दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईस दाखविला. आज त्याचे थोडेच भाग उरले आहेत. आणि तेही मूळचे कीं १९१७ सालीं पुन्हां काढलेल्या चित्रपटाचे, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्या चित्रपटांचीं पुसट चित्रें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून उजळून घरोघर पाहावयास देण्याची रीत आतां पडत चालली आहे. ती वाईटच, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु यंत्रानें जें भरलें तें उघड सांगावें, एवढाच आमचा आग्रह आहे.

उजळण्याचे प्रकार दोन. मूळ फिल्म हातीं असेल तर तिजवरील धूळ व ओरखडे काढून तिची मोठी, स्वच्छ नक्कल घेतां येते. तिच्यांतले बारकावे फिल्मवर मुळांतच असतात. दुसरा प्रकार निराळा आहे. डीव्हीडीच्या एका चित्रांत सुमारें ४ लाख १५ हजार ठिपके असतात, तर '४के' चित्रांत सुमारें ८३ लाख. विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा: एका ठिपक्याच्या जागीं वीस येतात. हे जास्तीचे एकोणीस कोठून आले? यंत्रानें इतर असंख्य चित्रें पाहून बांधलेल्या अटकळींतून! वेष्टनावर मात्र दोन्ही प्रकारांस '४के' हा एकच शब्द.

"चित्र स्वच्छ दिसलें म्हणजे झालें, त्यांत बिघडलें काय?" असें कोणी विचारील. फाळक्यांच्या चित्रपटांत तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानें केली होती. यंत्रास हें ठाऊक नाहीं. त्या पुसट चेहऱ्यावर त्यानें कोमल स्त्रीमुख बसविलें, तर आपल्या समाजाच्या एका काळाचा पुरावाच पुसला जाईल. जेम्स कॅमेरॉन यांच्या 'एलियन्स' व 'ट्रू लाइज' या चित्रपटांच्या '४के' आवृत्त्या २०२४ सालीं निघाल्या, तेव्हां चेहरे मेणाचे वाटतात अशी प्रेक्षकांची तक्रार झाली. तेथें पूर्वींच्या प्रतींशीं ताडून तरी पाहतां येतें. आमच्याकडे, पुण्यांत २००३ सालीं लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फिल्मचीं अनेक रिळें जळालीं. जेथें मूळ उरलें नाहीं, तेथें अटकळच उद्यां मूळ म्हणून मिरवेल.

नीरेकाठच्या आमच्या निरवांगीकडे ज्या वडीलधाऱ्यांनीं जत्रेंतील तंबूंत सिनेमा पाहिला, ते फरक कदाचित् ओळखतील. त्यांच्या नातवंडांस तें साधन नाहीं. म्हणून चित्र कोणत्या प्रतीवरून घेतलें आणि त्यांत यंत्रानें काय भरलें, हें वेष्टनावर ठळक छापावें. न उजळलेली प्रतही सोबत द्यावी. पालकांनीं विकत घेतांना तशी विचारणा करावी.

दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या निबंधाखालीं मुलानें आपलें नांव घातलें, तर आम्ही त्याला शिक्षा करतों. मदत घेतली असें त्यानें सांगितलें, तर समजून घेतों. चित्रपट विकणाऱ्या मोठ्या माणसांकडून याहून अधिक आम्ही मागत नाहीं. पण याहून कमीही मागणार नाहीं.