सोनीची कोरी ब्लू-रे बंद. मग घरच्या डीव्हीडीचं काय?

सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, तेव्हा 'चला, डिस्कचा जमाना संपला' असे मेसेज फिरले. तसं झालेलं नाही. बंद झाल्या त्या कोऱ्या ब्लू-रे, सोबत कोऱ्या मिनीडिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट. सिनेमांच्या छापील ब्लू-रे त्या यादीत नव्हत्या, डीव्हीडीही नव्हती. पण वारं कुठे वाहतंय ते कळतं. कोरी डीव्हीडी आता शोधावी लागते, त्यामुळे वाया गेली की जीवावर येतं.

माझ्या तीन वाया गेल्या. आत्याच्या साठीचं दोन तासांचं शूटिंग मोबाइलवर होतं आणि तिच्या घरी नेट यथातथाच, जुना डीव्हीडी प्लेअर मात्र ठणठणीत. पहिल्या डिस्कवर आवाजच नाही. दुसरीवर चित्र मध्येच गोठायचं. तिसरीवर सुरुवात बरोबर, पण शेवटाकडे आत्याचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. मी डिस्कला शिव्या घातल्या, चूक माझी होती.

फोन आवाज बहुतेक वेळा एएसी प्रकारात साठवतो. डीव्हीडीला तो चालतच नाही. तिला ४८ किलोहर्ट्झचा एसी-३, एमपी२ किंवा पीसीएम लागतो. मी ऑडिओ 'कॉपी'वर ठेवला होता. झालं!

दुसरीवर पन्नास मिनिटांचाच भाग टाकला, म्हटलं क्वालिटी भारी ठेवू. चित्राला ९ मेगाबिट, वर पीसीएमचे दीड. डीव्हीडीत सगळं मिळून सेकंदाला १०.०८ मेगाबिटच बसतात. प्लेअर अडखळणारच. खरं गणित सोपं आहे: ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट, भागिले ७,२०० सेकंद, म्हणजे साधारण ५.२. पीसीएम घेतला तर चित्राला ३.७ उरतात, १९२ किलोबिटचा एसी-३ घेतला तर ५. बोलण्याचा आवाज त्यात छान येतो, मग जागा चित्राला का देऊ नये?

तिसरं दुखणं खास मोबाइलचं. अंधार वाढला की फोन फ्रेम कमी करतो, ३० चे २४ वगैरे. आवाज मात्र आपल्या चालीनेच रेकॉर्ड होतो. सॉफ्टवेअरने सगळीकडे ३० धरले की चित्र पुढे पळतं, आणि हा फरक साचत जातो. म्हणून आवाज पुढे-मागे सरकवून काही होत नाही, कारण चूक प्रत्येक मिनिटाला वेगळी असते. आधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून २५ वर फाइल काढायची, मग ती डीव्हीडीस्टायलरला द्यायची.

चौथ्या वेळी थेट बर्न केलं नाही. आयएसओ फाइल बनवली आणि व्हीएलसीत शेवटची पाच मिनिटं बघितली. ओठ आणि शब्द जुळले, तेव्हाच डिस्क आत घातली. मूळ फाइल मात्र फोनमधून उडवू नका, हार्ड डिस्कवर ठेवा; डीव्हीडीवर जातं ते ७२० बाय ५७६ चं चित्र असतं.