नव्या टीचरबद्दल तक्रार करण्याआधी



सप्टेंबर आला की आपल्या इंग्लंडमधल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "यंदा वर्गावर अगदी नवी टीचर आलीये. मुलाचं वर्ष वाया जाणार का?" मी हसणार नाही, कारण दोन वर्षांपूर्वी तो मेसेज माझाच होता. लेक इयर फाइव्हमध्ये, पुढच्या सप्टेंबरला इलेव्हन प्लस, आणि वर्गावर नुकतीच कॉलेजातून आलेली मुलगी. दोन आठवडे वह्या तपासून आल्या नाहीत, तशी मी हेडटीचरना चांगली तिखट मेल पाठवली.

नोव्हेंबरच्या पेरेंट्स ईव्हनिंगला तिला सहज विचारलं, "तुम्हाला कोणी मार्गदर्शन करतं का?" म्हणाली, "मेंटर आहेत, फार चांगल्या आहेत. पण सध्या त्यांच्याकडेच दोन वर्ग आहेत." एवढंच.

मला माझी पुण्यातली आर्टिकलशिप आठवली. बँक रिकन्सिलिएशन जुळेना, ९०० रुपयांचा फरक. मी रडवेली. सर शेजारी बसले आणि म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातोय ना? मग आकड्यांची अदलाबदल शोध." दहा मिनिटांत सापडलं, ५,४००च्या जागी ४,५०० लिहिले होते. सीएची परीक्षा मी अभ्यास करून पास झाले, पण काम शिकले ते अशी तीन वर्षं कोणाच्या तरी शेजारी बसून. आणि ऑडिट रिपोर्टवर सही सरांची असायची, माझी नाही. शिक्षिकेचं तसं नसतं. पहिल्या दिवशी सकाळीच तीस मुलं तिच्या एकटीच्या जबाबदारीवर असतात.

इंग्लंडमध्ये यासाठी नियम आहेत, आणि चांगले आहेत. सप्टेंबर २०२१पासून नव्या शिक्षकांचा इंडक्शनचा काळ एका वर्षाचा दोन वर्षं झाला. पहिल्या वर्षी त्यांचे तास १० टक्के कमी, दुसऱ्या वर्षी ५ टक्के. सोबत मेंटर. शिवाय मूल्यमापन करणारा इंडक्शन ट्यूटर शक्यतो वेगळा असावा, म्हणजे मेंटरसमोर "मला हे जमत नाहीये" असं बिनधास्त म्हणता येतं. ऑडिटवाल्या माणसाला हे लगेच पटतं!

अडतं कुठे? वेळेत. कोणी आजारी पडलं की पहिला बळी मेंटरच्या तासाचा जातो. तो तास गेलेला कुठल्याच रिपोर्ट कार्डवर दिसत नाही. दिसतात न तपासलेल्या वह्या. इथे साधारण दहातला एक शिक्षक पहिल्या वर्षानंतरच सरकारी शाळांतली नोकरी सोडतो, पाच वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश. मग पुन्हा नवा शिक्षक, आणि पुन्हा आपला तोच मेसेज.

तिकडे महाराष्ट्रात माझी मावसबहीण शिक्षणसेवक होती. तीन वर्षं मानधनावर. "परीक्षा रोजच होती गं, शिकवणारं कोणी नव्हतं," असं ती अजून म्हणते. तिच्याकडे नियमातच मेंटर नव्हता. इथे नियमात आहे, तो प्रत्यक्षात मिळतो की नाही हे बघणारं कोणीतरी हवं.

तुम्ही म्हणाल, "आमच्या मुलाच्या वर्षाचं काय? ते परत येणार आहे का?" बरोबर आहे. मुलाचं नुकसान होत असेल तर गप्प बसू नका. फक्त प्रश्न योग्य ठिकाणी विचारा. कोणाचं नाव न घेता हेडटीचरना विचारा: नव्या शिक्षकांचे कमी केलेले तास खरंच मोकळे राहतात का? मेंटरला टाइमटेबलमध्ये राखीव वेळ आहे का? मेंटर रजेवर असेल तर पर्याय काय? आणि जमलं तर पेरेंट गव्हर्नर व्हा. हे नियम पाळले जातात का, हे बघणं गव्हर्नर्सचंही काम आहे. आपल्यात बजेट वाचता येणारे कमी आहेत का?

ती मुलगी जुलैमध्ये शाळा सोडून गेली. आता शिकवतही नाही म्हणे. माझ्या एका मेलमुळे नाही, असं मी स्वतःला सांगते. पण वर्षभरात तिला एकही कौतुकाची ओळ मी पाठवली नव्हती, हेही खरं आहे.

तुमच्याकडे, दुबईत, अमेरिकेत, नव्या शिक्षकांसाठी काय सोय असते? सांगा नक्की.