पदवी कोणत्या गावची?

जबलपूरच्या गोरखपूर भागातील मराठी कुटुंबात एखाद्या मुलाने किंवा मुलीने डॉक्टर होण्याचे ठरवले, की पहिली चर्चा अभ्यासाची होत नाही. ती गावाची होते. जबलपूरलाच शिकावे, की नागपूरला जावे? नागपुरात नातलग असतात, घरात बोलली जाणारी भाषा तेथे रस्त्यावर ऐकू येते आणि तेथील पदवीला वजन अधिक, अशी घरातील वडीलधाऱ्यांची समजूत असते. या ओढीमागे इतिहासही आहे. १९५६ पर्यंत जबलपूर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालचे, तर जबलपूरचे १९५५ सालचे. तेव्हा नागपूरकडे पाहण्याची सवय या घरांना लागली, यात नवल नाही. प्रश्न इतकाच आहे, की जुन्या सवयीने आजचा निर्णय करावा काय?

विद्यापीठाच्या नावाला लोक जेवढे महत्त्व देतात, तेवढे ते वैद्यकीय शिक्षणात उरलेले नाही. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आहे. म्हणजे नागपूरला शिकणाऱ्याच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचे नाव नसतेच. मध्य प्रदेशाने असेच स्वतंत्र विद्यापीठ २०११ साली स्थापले आणि ते जबलपुरातच आहे. विद्यापीठ परीक्षा घेते व पदवी देते. पण विद्यार्थ्याला घडवते ते महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यापुढील एक वर्षाची आंतरवासिता देशभर सारखीच आहे. त्यामुळे ‘विद्यापीठ कोणते’ या प्रश्नापेक्षा ‘रुग्णालय कोणते’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

त्यातच प्रवेशाचे नियम हौसेला फारसा वाव देत नाहीत. देशभर एकच प्रवेश परीक्षा, म्हणजे ‘नीट’, घेतली जाते. राज्यांच्या शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच, काही अपवाद वगळता, दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. घरात मराठी बोलली जाते, आडनाव मराठी आहे, यावर तेथे कोणतीही सवलत मिळत नाही. गोरखपूरच्या मुलीला नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात शिरायचे, तर १५ टक्क्यांच्या दारातून, साऱ्या देशाशी स्पर्धा करून शिरावे लागते. मध्य प्रदेशात मात्र ८५ टक्क्यांचे दार तिच्यासाठी उघडे असते. भोपाळ व नागपूर येथील ‘एम्स’ संस्थांना ही सीमा लागू नाही. तेथे प्रवेश देशपातळीवरच होतो, पण त्यासाठी गुणही तसेच लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे ‘यंदा नागपूर नाही, तर पुन्हा परीक्षा’ असा हट्ट धरला जातो आणि हाती आलेली जागा सोडून वर्ष खर्ची पडते. तरुण वयातील एक वर्ष ही लहान किंमत नव्हे.

यावर असे म्हटले जाईल, की मोठ्या शहरात नामवंत अध्यापक असतात, पुढील शिक्षणाची वाट सोपी होते आणि घराबाहेर पडल्याने माणूस घडतो. या म्हणण्यात तथ्य आहे. घराजवळचे तेच उत्तम असे मानणे हाही आळसच होय. पण बाहेर जायचे ते कशासाठी, याचे उत्तर ठाऊक असावे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली ग्रामीण आरोग्याच्या ध्येयाने उभी केली. तेथील विद्यार्थी शिक्षणाच्या आरंभीच आश्रमात राहून येतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. ज्याला असे काम करायचे आहे, त्याने सेवाग्रामची इच्छा धरणे समजण्यासारखे आहे. केवळ शेजाऱ्यांपुढे नाव सांगता यावे म्हणून गाव सोडणे ही निवड नव्हे, ती मिरवणूक झाली.

भाषेचा विचार तर बहुधा उलट दिशेने केला जातो. आपली भाषा जेथे बोलली जाते तेथे शिकावे, असे कुटुंबाला वाटते. परंतु वैद्यकात महत्त्वाची भाषा रुग्णाची असते. जबलपूरच्या रुग्णालयात मंडला, दिंडोरी, सिवनी, बालाघाट या भागांतून माणसे येतात. कोणी बुंदेली बोलतो, कोणी गोंडी. दुखणे नेमके कोठे आणि कधीपासून आहे, हे त्याच्या शब्दांतून समजून घेणे हे निदानाचे पहिले पाऊल असते. जबलपुरात वाढलेल्या मराठी मुलाला हिंदी घराइतकीच जवळची असते. ही त्याची उणीव नसून त्याची पुंजी आहे. २०२२ साली मध्य प्रदेशात पहिल्या वर्षाची काही पाठ्यपुस्तके हिंदीत प्रसिद्ध झाली, तीही याच गरजेतून. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण ती महाराष्ट्रातील केंद्रांवर, जबलपूरच्या विद्यार्थ्याने अर्ज भरण्यापूर्वीच याचा विचार केलेला बरा.

पैशाचा प्रश्न शेवटी येतो, पण तो सर्वांत कठोर असतो. शासकीय जागा मिळाली नाही, की खासगी महाविद्यालयाचे शुल्क किंवा परदेशाचा रस्ता पुढे येतो. २०२२ च्या युद्धात युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्याआधीच, २०२१ साली, परदेशी पदवीसाठी नियम कडक झाले होते: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, तेथे एक वर्षाची आंतरवासिता आणि भारतात आणखी एक वर्षाची. जो दलाल हे सांगत नाही, त्याच्या माहितीपत्रकावर घर किंवा शेत गहाण ठेवणे शहाणपणाचे नाही. कर्ज फेडण्याच्या घाईत असलेल्या डॉक्टराला रुग्ण गिऱ्हाईक वाटू लागण्याचा धोकाही असतो, आणि त्याची किंमत समाज मोजतो.

हा सारा विचार केवळ नियमित शाळेत शिकलेल्यांसाठी आहे, असेही कोणी समजू नये. १९९७ च्या नियमांनी मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना वैद्यकीय प्रवेशाचे दार बंद केले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली ती तरतूद रद्द ठरवली आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांचे विद्यार्थी ‘नीट’ला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयात २०२४ साली स्पष्ट झाले. उशिरा शिकू लागलेल्या माणसाला येथे निवडीचा अधिकार तरी मिळाला आहे.

म्हणून निवड करताना चार गोष्टी पारखाव्यात. प्रवेशाचा हक्क कोठे आहे. रुग्णालयात रुग्ण किती येतात आणि विद्यार्थ्याला त्यांच्यापर्यंत जाऊ दिले जाते काय. खर्च घराला पेलणारा आहे काय. आणि पुढे सेवा कोणत्या लोकांची करायची आहे. यांतील दुसऱ्या गोष्टीचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही. त्यासाठी बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ घालवावी आणि तेथे शिकणाऱ्यांना विचारावे. चौथ्या गोष्टीचे उत्तर मात्र आईवडिलांनी देऊ नये, ते विद्यार्थ्याचेच असावे. औषधाची चिठ्ठी हाती घेणारा रुग्ण पदवी कोणत्या गावची आहे, हे विचारत नाही. डॉक्टराने आपले ऐकून घेतले की नाही, एवढेच तो पाहतो.