समुद्रकाठच्या जेवणाची किंमत

सुट्टीचा हंगाम जवळ आला की आमच्या धर्मग्रामातील घराघरांतून एक बेत हमखास शिजू लागतो. पहाटे मोटार काढावयाची, कापूरहोळच्या फाट्यावर सातारा रस्ता सोडून भोर गाठावयाचे, वरंधा घाट उतरून महाड आणि पुढे म्हसळ्यावरून श्रीवर्धन. तेथून आरावी-शेखाडीच्या अंगाने दिवेआगरपर्यंत समुद्राला खेटून जाणारा तो वळणावळणाचा रस्ता धरावयाचा आणि शेवटी वाळूवर मांडलेल्या टेबलाशी बसून तळलेली सुरमई, सोलकढी असे उशिराचे जेवण करावयाचे. परतल्यावर आठवडाभर छायाचित्रे दाखविली जातात आणि ‘फादर, तुम्हीही एकदा याच’ असे आग्रहाचे आमंत्रण मिळते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ते आमंत्रण स्वीकारले. चार-पाच कुटुंबांबरोबर आम्ही ती सारी वाट पाहिली, ते जेवणही जेवलो. जेवण रुचकर होते हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तरीही त्या दिवशी जे पाहिले आणि पाहूनही ज्याविषयी आम्ही गप्प राहिलो, ते आज वाचकांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. आमचे म्हणणे काहींना कडू लागेल, त्यास आमचा इलाज नाही.

प्रथमच एक खुलासा करतो. आम्ही आनंदाचे वैरी नाही. आठवडाभर कारखान्यात, कचेरीत, दवाखान्यात राबणाऱ्या माणसाने मुलाबाळांना घेऊन मोकळ्या हवेत जावे, समुद्र पाहावा, चार घास आवडीचे खावेत, यात गैर काहीच नाही. आमचा आक्षेप सहलीला नाही. वाटेतील माणसांना देखाव्याचा भाग समजण्याची जी सवय आम्हां सुशिक्षितांना जडली आहे, तिला आमचा आक्षेप आहे.

भोर सोडून घाटाकडे निघाले की रस्त्याच्या कडेने नीरा-देवघर धरणाचे पाणी बराच वेळ सोबत करते. तेथे आमच्या गाड्या थांबल्या. मुले ओरडली, ‘केवढा सुंदर तलाव!’ चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते शांतपणे म्हणाले, ‘तळं न्हाई बाळांनो, धरान हाय. तितं खाली आमची खाचरं व्हती.’ कोणी काही बोलले नाही. चहाचे पैसे दिले गेले, छायाचित्रे काढून झाली आणि गाड्या पुढे निघाल्या. त्या वृद्धाला ‘मग तुम्हाला जमीन कोठे मिळाली?’ एवढा प्रश्नदेखील आमच्यापैकी कोणी विचारला नाही. आम्हीही नाही.

वाचकहो, भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांचा इतिहास सांगताना आपण राजगड आणि तोरणा यांची नावे अभिमानाने घेतो. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचेच नाव देण्यात आले आहे. परंतु याच दोन तालुक्यांनी पाण्यासाठी काय दिले, याचा हिशेब आपण कधी मांडतो का? वेळवंडी नदीवर भाटघरचे मोठे धरण १९२७ साली पुरे झाले. गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने ते लॉइड धरण म्हणून ओळखले गेले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटणकडील शिवारांत गेले, तेथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. भोरच्या वाट्याला उरला तो बुडालेला खोऱ्याचा तळ. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरे गावचे कांबरेश्वराचे जुने मंदिर वर येते आणि ते पाहण्यासाठी गर्दी लोटते. ज्यांचे ते गाव होते, त्यांच्यासाठी ते मंदिर म्हणजे वर्षातून एकदा दिसणारे जुने घरच नव्हे काय?

वेल्ह्याची कथा निराळी नाही. पानशेत आणि वरसगाव ही धरणे पुण्याची तहान भागवितात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला, ती आठवण पुणेकर आजही काढतात. ती काढलीच पाहिजे. पण त्या धरणासाठी ज्यांची भातखाचरे आधीच गेली होती, त्यांची आठवण त्या कहाणीत क्वचितच येते. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. भाटघर त्याच्या ४९ वर्षे आधीचे, पानशेतही आधीचे. म्हणजे कायद्याचे छत्र उभारले जाण्यापूर्वीच ही माणसे भिजून गेली होती. शेजारच्या मुळशी खोऱ्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, हे आपण शाळेत शिकतो आणि शाळेतच विसरतो.

धरणे बांधूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. आमच्या स्वयंपाकघरातील नळालाही तेच पाणी येते. म्हणूनच सांगतो की, ते पाणी पाहताना ‘काय देखावा आहे!’ एवढेच उद्गार तोंडून निघणे हे देणेकऱ्याने सावकाराच्या दारावरून शीळ घालीत जाण्यासारखे आहे.

आता घाटाकडे वळू. वरंधा घाट हा देश आणि कोकण यांना जोडणारा जुना मार्ग. मीठ, सुकी मासळी वर यावी आणि देशावरचे धान्य खाली जावे, अशी या डोंगरवाटांची रीत होती. वेल्ह्याकडून उतरणारी मढे घाटाची वाट त्यांतलीच. सुभेदार तानाजी मालुसरे यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, असे लोक सांगतात. आज मढे घाट ठाऊक आहे तो पावसाळी धबधब्यासाठी आणि वरंधा ठाऊक आहे तो वळणे, धुके आणि कांदाभज्यांसाठी. अलीकडच्या अनेक पावसाळ्यांत दरडींच्या भीतीने वरंधा घाट वाहतुकीस बंद ठेवावा लागला आहे. तशी बातमी आली की आमच्याकडे हळहळ व्यक्त होते ती सहल चुकल्याची. मग ताम्हिणीने जाता येईल का, याची चर्चा सुरू होते. घाटाखाली ज्याची लेक दिली आहे, ज्याचे दुकान वरच्या बाजारावर चालते, त्याला तो वळसा काय पडत असेल, हा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही.

दरड ही या मुलखात भज्यांबरोबर चघळण्याची गोष्ट नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ८० हून अधिक माणसे त्याखाली गेली. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले होते. असे असूनही, रस्ता रुंद करताना, डोंगर उभा कापताना, वरच्या माथ्यावर बंगल्यांसाठी सपाटीकरण करताना खालच्या वस्तीचा विचार किती होतो? आणि आपण गाडीवाले त्या रस्त्याचे मूल्यमापन करतो ते खड्डे किती आणि वेळ किती लागला, एवढ्यावरच.

आता समुद्राकडे येऊ. श्रीवर्धन-दिवेआगरचा किनारा नितांत सुंदर आहे. श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव. तेथली ‘श्रीवर्धन रोठा’ सुपारी प्रसिद्ध आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावली म्हणजे पुढच्या वर्षी सुपारी हाती येत नाही, अनेक वर्षे थांबावे लागते. त्या काळात ज्या कुटुंबांनी ओसरीवर चार टेबले मांडून पाहुण्यांना मोदक आणि मासे वाढले, त्यांना आम्ही मनापासून धन्यवाद देतो.

परंतु आम्ही जेथे जेवलो ते असे घर नव्हते. ते एक थाटाचे उपाहारगृह होते. त्याच्या खुर्च्या सुरूच्या झाडांपुढे पार वाळूत उतरल्या होत्या आणि दोरी बांधून ती वाळू आपली करून घेतली होती. आम्ही जेवत असताना डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण नेहमीच्या वाटेने आली. नोकर पोराने तिला अडविले. ‘मावशी, इथनं नको, पाठीमागनं जा.’ ती क्षणभर थांबली, आमच्या ताटांकडे तिने पाहिले आणि तापलेल्या वाळूतून वळसा घालून गेली. आमच्यातील एक भगिनी म्हणाल्या, ‘बरे झाले, वास आला असता.’ ज्या मासळीचा वास नको होता, तीच मासळी आमच्या ताटात होती! आम्ही धर्मगुरू. त्या वेळी उठून त्या पोराला दोन शब्द सांगावेत, एवढे आम्हांस सुचले नाही. सोलकढी तेवढी संपविली. हा लेख ही त्या मौनाची उशिरा दिलेली कबुली आहे, असे म्हटले तरी चालेल.

किनारा कोणाचा, हा प्रश्न भावनेचा नसून कायद्याचाही आहे. मनालीजवळ बियास नदीच्या काठी एका मोटेलने नदीचा प्रवाह स्वतःच्या सोयीने वळविला, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की नद्या, समुद्रकिनारे, वने ही जनतेची ठेव आहे आणि शासन तिचे केवळ विश्वस्त आहे. त्याआधी, १९९१ साली, केंद्र शासनाने सागरकिनारा नियमनाची अधिसूचना काढली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नको, असा तिचा दंडक होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर ही मर्यादा ५० मीटरवर आणली आणि पर्यटनासाठी तात्पुरत्या झोपड्यांना वाट मोकळी केली. पण ‘तात्पुरत्या’ या शब्दाला काही अर्थ आहे की नाही? गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक हंगामापुरते उभारले जातात आणि पावसाळ्यापूर्वी उतरविले जातात, निदान नियम तरी तसा आहे. दोरी बांधून कोळणीची वाट अडविण्याची मुभा मात्र कोणत्याही अधिसूचनेने कोणाला दिलेली नाही.

येथे आमचे काही मित्र म्हणतील, ‘फादर, पर्यटनामुळे गावात पैसा येतो. तुम्ही लोकांना जाऊ नका म्हणालात तर नुकसान गावकऱ्यांचेच.’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आम्ही टाळू इच्छीत नाही. पण पैसा येतो म्हणजे कोणाकडे येतो, हे पाहावयास नको काय? आमच्या त्या दिवसाचा खर्च आम्ही नंतर कागदावर मांडून पाहिला. पेट्रोलपंप आणि ते उपाहारगृह यांनी जवळजवळ सारा गिळला होता. भोर आणि घाट मिळून आमच्याकडून काही कप चहा आणि काही प्लेटा भजी एवढेच गेले. त्याबदल्यात आम्ही घाटात काय ठेवून आलो? पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटे आणि माकडांना फेकलेली बिस्किटे. आमच्या पंगतीची पत्रावळ दुसऱ्याच्या दारात टाकून वर ‘तुमचाच फायदा’ म्हणणे शोभत नाही.

तेव्हा आमचे सांगणे असे. जा, जरूर जा, पण डोळे उघडे ठेवून जा. जेवावयाचेच आहे तर येता-जाता एक जेवण भोर-वेल्ह्यातील एखाद्या घरगुती खानावळीत घ्या. नाचणीची भाकरी, पिठले, इंद्रायणीचा भात यांना समुद्राची खारी हवा लागत नाही. तांदूळ घ्यावयाचा तर तेथल्या शेतकऱ्याकडून घ्या. नेलेला कचरा त्याच गाडीतून घरी आणा. किनाऱ्यावर जेथे वाट अडविलेली दिसेल तेथे बसू नका, आणि का बसत नाही ते मालकाला सांगा. वाड्यावरच्या ओसरीवर बसा. मुलांना धरण दाखवाल तेव्हा त्याखाली काय होते तेही सांगा, आणि तुम्हांस ठाऊक नसेल तर टपरीवरच्या म्हाताऱ्याला विचारा. तो सांगेल. आणि घाट बंद झाला तर सहल चुकली म्हणून हळहळू नका. घाट पक्का व्हावा, दरडीखालच्या वस्त्या वेळीच सुरक्षित जागी हलवाव्यात, ही मागणी त्या गावकऱ्यांच्या बरोबरीने करा. मतपेटीत तुमचे मतही त्यांच्या मताइतकेच मोजले जाते.

आमच्या धर्मग्रामाची पुढची सहल ठरली आहे. वाट तीच आहे. या वेळी आम्ही पहिला मुक्काम घाटाच्या अलीकडे करावा असे सुचविले आहे. त्या टपरीवर पुन्हा थांबावयाचे आणि तो वृद्ध भेटला तर राहिलेला प्रश्न विचारावयाचा. समुद्र गाठावयास त्यामुळे उशीर झाला तरी चालेल. ज्यांना आमच्याबरोबर यावयाचे असेल त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर नावे द्यावीत.