‘स्वतः’ची नसती उठाठेव

इंग्रजीत ‘टीच युवरसेल्फ’ नावाची एक जुनी पुस्तकमाला आहे. तीत जी. एल. लुईस यांचे तुर्की भाषेवरचे पुस्तक १९५३ साली निघाले. रद्दीच्या दुकानात ते मला मिळाले, आणि पहिली अडचण मुखपृष्ठावरच आली. या नावाचे मराठी काय करायचे? आमच्या भाषांतरकारांना विचाराल तर ते निःशंकपणे सांगतील, ‘स्वतःला तुर्की शिकवा’. साध्या मराठी माणसाला विचाराल तर तो म्हणेल, ‘घरबसल्या तुर्की शिका’. यांतले मराठी कोणते, हे वाचकांना सांगायला नको. तरी हा लेख लिहावा लागतो आहे. कारण पहिल्या जातीचे मराठी आता पुस्तकांतून वर्गात आणि वर्गातून मुलांच्या तोंडी येऊ लागले आहे.

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी माझा गुन्हा सांगतो. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एका परीक्षेत ‘ही फेल अँड हर्ट हिमसेल्फ’ हे वाक्य मराठीत करायला दिले होते. एका मुलाने लिहिले, ‘तो पडला आणि त्याला लागले.’ मी अर्धा गुण कापला आणि समासात तांबड्या शाईने विचारले, ‘हिमसेल्फ कुठे गेले?’ मुलगा कागद घेऊन टेबलाशी आला. म्हणाला, “सर, त्याला लागलं म्हटलं की त्यालाच लागलं की! आणखी कुणाला लागणार?” मला उत्तर सुचले नाही. गुण मात्र मी वाढवला नाही.

पोर बरोबर होते. इंग्रजीतल्या ‘हर्ट’ला तिथे कर्म हवे असते; म्हणून ‘हिमसेल्फ’ येते. ती त्या भाषेच्या व्याकरणाची गरज आहे, अर्थाची नव्हे. मराठीत माणूस लपतो, स्वतःला लपवत बसत नाही. तो विचारात गढून जातो, मनाशी बोलतो, आपण होऊन पुढे येतो. दार आपोआप उघडते. भावाभावांचे भांडण आपसांत मिटते. पाहुण्याला आपण ‘स्वतःला मदत करा’ म्हणत नाही. ‘संकोच करू नका, वाढून घ्या’ म्हणतो. त्या एका ‘घ्या’मध्ये इंग्रजीचे सगळे ‘युवरसेल्फ’ मावते.

तुर्की ही मराठीच्या नात्याची ना गोत्याची. पण तिचाही न्याय पाहा. ‘यिकामाक’ म्हणजे धुणे. क्रियापदात एक ‘न’ घातला की ‘यिकानमाक’, म्हणजे अंघोळ करणे. ‘हाझिर्लामाक’ म्हणजे तयार करणे, ‘हाझिर्लानमाक’ म्हणजे तयार होणे. आपल्या ‘हजर’चे अरबी मूळच त्यात बसले आहे. ‘स्वतः’चे काम करणारा ‘केंदी’ हा शब्द तिच्यापाशी आहे, पण अंघोळीला जाताना तो बरोबर न्यावा लागत नाही. आपण आदराने समोरच्याला ‘आपण’ म्हणतो, तसे तुर्की माणूस तिसऱ्याविषयी आदराने ‘केंदिसी’ म्हणतो. आणि त्या पुस्तकाच्या नावातले ‘युवरसेल्फ’? त्याला तो ‘केंदी केंदिने’ म्हणेल, म्हणजे ‘आपले आपण’. आणि ‘शिकवणे’ सोडून ‘शिकणे’ धरील. घरबसल्या तुर्की शिकणाऱ्या आपल्या मराठी माणसाने तरी दुसरे काय केले होते?

यावर विद्वान म्हणतात, ‘स्वतः’ गाळले तर नेमकेपणा जातो. नेमकेपणाची एवढी चाड असेल, तर मग ‘आपला’ का हाकलता? ‘गणूने आपली छत्री उचलली’ म्हटले की छत्री गणूची. ‘गणूने त्याची छत्री उचलली’ म्हटले की ती दुसऱ्या कुणाची असावी, आणि गणूची चौकशी करावी, असे वाटते. हा भेद इंग्रजीच्या एकट्या ‘हिज’ला साधत नाही, मराठीला फुकट मिळाला आहे. तरी भाषांतरित कादंबरीचा नायक ‘त्याची’ टोपी घालून ‘त्याच्या’ घरी जातो आणि ‘त्याच्या’ बायकोशी बोलतो! भल्या माणसावर केवढा हा संशय! नको तिथे ‘स्वतः’ला बोलवायचे आणि हव्या त्या जागेवरून ‘आपला’ला उठवायचे, याला नेमकेपणा म्हणत नाहीत.

‘स्वतः’ला हद्दपार करा, असे माझे म्हणणे नाही. शाळेच्या व्याकरणात मूळ सर्वनामे नऊ; त्यांत ‘आपण’ आणि ‘स्वतः’ दोन्ही आहेत, आणि दोघांची कामे वेगळी आहेत. ‘त्याने स्वतःलाच फसवले’ या वाक्यात दुसरा शब्द चालायचा नाही. पण हा शब्द जपून वापरला तरच त्याला धार राहते. माझ्याच एका कादंबरीत नायिकेने ‘स्वतःला खुर्चीत झोकून दिले’ आहे. मराठी बाई खुर्चीत मटकन बसते, हे लिहिताना मला आठवले नाही. कारण त्या दिवसांत मी इंग्रजी कादंबऱ्या फार वाचत होतो. शेवटच्या प्रकरणात तीच बाई स्वतःला क्षमा करते. तोवर तो शब्द खुर्च्यांवर आदळून इतका बोथट झाला होता, की वाचकाला तिथे काहीच वाटले नसेल.

त्या मुलाचा अर्धा गुण मी आज जाहीरपणे परत करतो. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच : एखाद्या पोराने ‘त्याला लागले’ असे लिहिले, तर तांबडी पेन्सिल खाली ठेवा. लागले ते त्यालाच.