विसरण्याची तजवीज

पत्ते उपडे मांडावयाचे, दोन-दोन उलटून पाहावयाचे, चित्रे जुळली तर जोडी आपली आणि न जुळली तर पुन्हा पालथी घालून खेप दुसऱ्याला द्यावयाची, एवढाच ज्याचा कायदा, तो खेळ संगणकाच्या पडद्यावर आणताना अडचण ती कसली, असे कोणासही वाटेल. परंतु विस्मरण या ज्या मानवी दोषावर हा सारा खेळ उभा आहे, तो यंत्राच्या अंगी मुळातच नसल्यामुळे, त्याला बालकासमोर प्रतिस्पर्धी म्हणून बसवावयाचे तर आधी तो दोष त्याच्या ठिकाणी निर्माण करावा लागतो.

खेळ तसा जुना. जपानातील सरदारघराण्यांत शिंपल्यांची शकले जुळविण्याची क्रीडा होती. एका शिंपल्याचे शकल दुसऱ्याशी नेमके बसत नाही हा निसर्गाचाच बंदोबस्त, त्यात आतील अंगास जोडीजोडीने चित्रे रंगविलेली, आणि अशा ३६० शिंपल्यांच्या पेट्या थोरामोठ्यांच्या मुलींच्या रुखवतात जात. जर्मनीतील राव्हेन्सबर्गर या संस्थेने पुठ्ठ्याच्या चित्रांचा ‘मेमरी’ हा खेळ बाजारात आणला तो १९५९ साली.

पडद्यावरच्या डावात पहिले काम पत्ते पिसण्याचे. प्रत्येक पत्त्याची वाटेल त्या पत्त्याशी अदलाबदल केली की झाले, असे नवशिक्याला वाटते. पण तीनच पत्ते घेऊन पाहिले तर या रीतीच्या २७ वाटा पत्त्यांच्या सहा क्रमांत समसमान वाटल्याच जात नाहीत, म्हणजे काही क्रमांना आपोआप झुकते माप मिळते. निर्दोष रीत फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ सालच्या आपल्या कोष्टकांच्या ग्रंथात कागद-पेन्सिलीने करण्यासाठी दिली होती. डर्स्टनफेल्डने १९६४ मध्ये तिला संगणकास सोयीचे रूप दिले. दुसरे काम त्याहून नाजूक. जोडी चुकली की दोन्ही पत्ते सुमारे सेकंदभर उघडे राहिले पाहिजेत, कारण मुलाचे सारे शिक्षण त्या सेकंदातच होते. आणि तेवढ्या अवधीत पडद्यावर पडलेले बोट यंत्राने निक्षून नामंजूर केले नाही, तर उतावळेपणाने तिसरा पत्ता उघडून डावाचा सगळा हिशेब बिघडतो.

यानंतर प्रतिस्पर्ध्याचा प्रश्न येतो. जुन्या कचेरीतील निष्णात शिरस्तेदाराप्रमाणे यंत्राला एकदा पाहिलेला प्रत्येक कागद ठिकाणासह ठाऊक असतो. अशा सर्वस्मरणी खेळाडूने एकट्यानेच आठ जोड्यांचा डाव मांडला तर तो सरासरी १२ ते १३ खेपांत उरकतो, असे गणित वेलमन आणि वॉरिंग्टन यांनी २०१३ साली मांडले; पाच वर्षांच्या मुलाने त्याच्यासमोर बसून काय करावे? म्हणून मग यंत्राच्या स्मृतीला मर्यादा घालतात, म्हणजे शेवटचे चार-सहा पत्तेच ध्यानात ठेवण्याची मुभा देतात, अथवा दर खेपेस मनातल्या मनात नाणेफेक करून आठवलेले विसरावयास लावतात. फ्रान्समध्ये २००० साली ब्रुनो कूदाँ यांनी सुरू केलेल्या आणि आजही मोफत मिळणाऱ्या ‘जीकॉम्प्री’ या बालसंग्रहात टक्स नावाच्या पेंग्विनाशी असाच सामना खेळता येतो.

मात्र नाणेफेकीचे विस्मरण मला पटत नाही. माणूस विसरतो तेही एका शिस्तीने विसरतो: कोपऱ्यातला पत्ता त्याच्या लक्षात राहतो, मधल्या ओळीतला निसटतो, आणि चुकला तरी तो बहुधा खऱ्या जागेच्या शेजारचाच पत्ता उचलतो. नाणेफेक करणारे यंत्र मात्र आता अचूक खेळते आणि पुढच्याच खेपेस पार दुसऱ्या टोकाला जाऊन भलतेच काही उलटते. माझ्या नातीने एका खेळातील असला प्रकार पाहून, “आजोबा, ह्याला सगळं ठाऊक आहे, उगाच चुकतोय,” असा निवाडा दिला आणि पुढचा डाव मांडण्यास साफ नकार दिला. दया ओळखण्यात मुले फार तीक्ष्ण असतात. खेळ रचणाऱ्यांनी यंत्राला शेजारच्या घरात चुकावयास शिकविले, तर निदान तो अपमान तरी टळेल.

दोघांच्या डावात आणखी एक बारकावा आहे. झ्विक आणि पॅटर्सन यांनी १९९३ साली सिद्ध केले की, पहिला पत्ता जुळत नाही असे दिसल्यावर दुसरा नवा न उघडता, आधीच पाहिलेला एखादा पत्ता मुद्दाम उलटावा, हेच कधीकधी शहाणपणाचे असते. कारण नवा पत्ता उघडला की त्याची खबर प्रतिपक्षालाही फुकट मिळते. बालकांच्या खेळातील यंत्रास ही विद्या देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नातीला ती कोणी शिकविली कोण जाणे. आम्ही दोघे खऱ्या पत्त्यांनी खेळू लागलो की दुसरा पत्ता म्हणून ती दर वेळी तीच ती पाहिलेली मांजर उलटते, आणि माझी खेप येताच पत्त्यांऐवजी माझ्या तोंडाकडे पाहत बसते.