फोटोंच्या रांगेत क्लिपलाही जागा हवी

घरचे फोटो कुणीतरी हौसेने वर्षवार लावतो. क्लिप मात्र सगळ्या 'व्हिडिओ' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये कोंबल्या जातात. ही वाटणी मला मान्य नाही. निकाहाचे फोटो एकीकडे आणि त्याच दिवसाची चाळीस सेकंदांची क्लिप दुसरीकडे पडली, तर ती क्लिप पुन्हा कुणी उघडत नाही.

आमच्यासारख्या घरांत यात आणखी एक गोष्ट अडकलेली आहे. आपण लिहितो मराठीत, पण घरात दादी बोलायची ती दखनी. कोकणातल्या घरांत तिथली मुसलमानी कोकणी. या बोली कागदावर फारशा उतरल्या नाहीत. फोटोत दादी दिसते. ती नातवाला रागावताना कोणता शब्द वापरायची, हे क्लिपच सांगते.

मग अडचण कुठे? तारखेत. फोटो काढला की कॅमेरा त्यातच तारीख नोंदवतो. जुन्या व्हिडिओंत हा कारभार बेभरवशाचा. एमपीफोर फाइलमधली वेळ ग्रिनिचची असावी असा नियम आहे, पण कित्येक कॅमेरे तिथे स्थानिक वेळच लिहीत. सॉफ्टवेअर त्यात साडेपाच तास मिळवतं आणि रात्री आठची मेहंदी दुसऱ्या दिवशी पहाटे दीडला जाऊन बसते. कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांत एव्हीआय क्लिपसोबत टीएचएम नावाची छोटी फाइल असे, तिच्यात क्लिपची माहिती असे. कचरा समजून लोक नेमकी तीच उडवतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या क्लिपबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून मी फाइलच्या नावातच तारीख घालतो, २००९-०९-२१ अशी. सॉफ्टवेअर बदललं तरी नाव टिकतं. पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली. उद्या काय राहील याची हमी कुणी देत नाही. डिजिकॅम फुकट आहे, फोटो आणि क्लिप एकाच अल्बममध्ये दाखवतं, मला तेवढं पुरतं. जुन्या मोबाइलची थ्रीजीपी क्लिप काही ठिकाणी मुकी वाजते, कारण तिचा आवाज एएमआर प्रकारात असतो. व्हीएलसीत ती ऐकू येते. एमपीफोर प्रत जरूर करावी, पण मूळ फाइल पुसू नये. तिची दोन-चार एमबी जागा कुणाला जड होत नाही.

आणि क्लिपखाली नावं लिहावीत, दिसणाऱ्यांची आणि नुसत्या आवाजाचीही. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देणार नाही, घरातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावं लागतं. आमच्या एका ईदच्या क्लिपमध्ये कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणतं, "अम्मी, इधर देखो." तो आवाज थोरल्या चाचांचा की धाकट्या, यावर घरात अजून वाद आहे. दोघेही आता नाहीत.